देशाबाहेरचे आयर्लंड आणि डब्लिनची संसद

दरवर्षी १७ मार्चच्या सुमारास, म्हणजे संत पॅट्रिकच्या सणाला, आयर्लंडचे पंतप्रधान वॉशिंग्टनला जातात, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना शॅमरॉक या तीन पानांच्या वनस्पतीने भरलेले काचेचे भांडे भेट देतात आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती त्यांच्या सन्मानार्थ भोजन देतात. क्वचित एखादे वर्ष वगळता ही प्रथा खंडित झालेली नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या साडेएक्कावन्न लाखांच्या आसपास आहे, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या छोट्या देशाच्या पंतप्रधानांना जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या राजधानीत वर्षातला एक दिवस हक्काने मिळतो, ही गोष्ट कोणत्याही लष्करी करारामुळे किंवा खनिज संपत्तीमुळे घडलेली नाही. तिच्यामागे दोन गोष्टी आहेत: जगभर पसरलेला आयरिश वंशाचा समाज, आणि त्या समाजाच्या आपुलकीला परदेशांतील संसदांपर्यंत पोहोचवणारी खासदारांची चिकाटी.

ही प्रथा सुरू झाली तीसुद्धा अगदी साधेपणाने. १९५२ साली आयर्लंडचे राजदूत जॉन हर्न यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यासाठी शॅमरॉकची एक छोटी पेटी पाठवली, आणि त्या दिवशी ट्रुमन वॉशिंग्टनमध्ये नव्हतेही. (हेच हर्न आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेचे प्रमुख मसुदाकार होते, आणि भारताच्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना त्याच घटनेतून घेतलेली आहे.) सभापतींच्या भोजनाची परंपरा मात्र १९८३ सालची. ती का सुरू झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१८४१ साली संपूर्ण आयर्लंड बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर करपा पडला, आणि गरिबांचे रोजचे अन्नच बटाटा असल्यामुळे पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली, तर त्याहून अधिक देश सोडून गेली. दुष्काळ ओसरला तरी देशांतर थांबले नाही. शेतीचा तुकडा एका मुलाला मिळायचा आणि बाकीच्यांनी बोटीने लिव्हरपूल, बॉस्टन, न्यूयॉर्क किंवा सिडनी गाठायचे, हा ग्रामीण आयर्लंडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होऊन बसला. स्वातंत्र्यानंतरही तो बदलला नाही. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसे बाहेर पडली आणि १९६१ च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर आली.

आज आयरिश सरकार जगातील आयरिश वंशजांची संख्या सात कोटी सांगते. हा आकडा थोडा जपून वापरावा, असे मला वाटते, कारण त्यात एखादी पणजी आयर्लंडच्या कॉर्क शहरातली होती एवढाच धागा असलेला माणूसही मोजला जातो. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत ३ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी आपले मूळ पूर्णतः किंवा अंशतः आयरिश असल्याचे नोंदवले, पण त्यांतील बहुसंख्यांनी आयर्लंड कधी पाहिलेले नाही. म्हणून या समाजाचे तीन थर वेगळे ओळखणे उपयोगी ठरते. पहिला थर आयर्लंडमध्ये जन्मून बाहेर गेलेल्यांचा. दुसरा त्यांच्या मुला-नातवंडांचा, ज्यांना आयरिश नागरिकत्व मिळू शकते. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर नातवाला परदेशी जन्मनोंदणीद्वारे पूर्ण नागरिक होता येते आणि पासपोर्ट मिळतो. परदेशस्थ भारतीयांना मिळणारे आपल्याकडील ओसीआय कार्ड नागरिकत्व देत नाही, हे लक्षात घेतले की हा फरक किती मोठा आहे ते कळते. तिसरा थर केवळ वंशाची जाणीव असलेल्यांचा. पहिल्या थराला मदत लागते, दुसऱ्याला कागदपत्रे, आणि तिसऱ्याला निमंत्रण. सरकारी धोरण फसते ते बहुधा हे तीन थर एकच समजल्यामुळे.

या समाजाची जाळी सरकारने विणलेली नाहीत. कोकणातल्या चाकरमान्यांनी मुंबईत आपापल्या गावाच्या नावाने मंडळे काढली, तशीच आयरिश लोकांनी न्यूयॉर्क, लंडन, शिकागो येथे आपापल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या नावाने मंडळे काढली: मेयो मंडळ, केरी मंडळ, लिट्रिम मंडळ. त्यांच्या जोडीला चर्च, कामगार संघटना आणि विशेषतः १८८४ साली थर्ल्स गावी स्थापन झालेली गेलिक अॅथलेटिक असोसिएशन होती. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे देशी खेळ चालवणाऱ्या या संघटनेचे आयर्लंडबाहेर आज चारशेहून अधिक क्लब आहेत. नव्या शहरात उतरलेला तरुण सरावाला जातो, तेव्हा त्याला खोली कुठे मिळेल, कोणत्या कंत्राटदाराकडे काम आहे, कोणता डॉक्टर बरा, हे सारे मैदानाच्या कडेला उभे राहूनच समजते. लंडन आणि न्यूयॉर्कचे संघ तर थेट आयर्लंडमधील कॉनाख्ट प्रांताच्या अजिंक्यपद स्पर्धेत खेळतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये ब्राँक्समधील गेलिक पार्कवर न्यूयॉर्कने पेनल्टीवर लिट्रिमला हरवले, आणि या स्पर्धेतला तो त्यांचा पहिलाच विजय होता. परदेशी शहर आपल्या मायदेशाच्या प्रांतिक स्पर्धेचा अधिकृत भाग असणे, हे नाते टिकवण्याचे जितके प्रभावी साधन आहे, तितकी प्रभावी एखादी परिषद क्वचितच असते.

आता संसदेकडे वळू. परदेशस्थ समाजाला राजकीय बळ म्हणून ओळखणारा पहिला मोठा आयरिश खासदार म्हणजे चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. तो लंडनच्या संसदेत आयर्लंडचा प्रतिनिधी होता, त्याची आई अमेरिकन होती, आणि १८८० साली दुष्काळग्रस्तांसाठी व जमीन चळवळीसाठी निधी गोळा करायला तो अमेरिकेत गेला. २ फेब्रुवारी १८८० रोजी त्याने अमेरिकी प्रतिनिधिगृहात भाषण केले. ज्या देशाला स्वतःचे सरकारच नव्हते, त्याची बाजू एका खासदाराने दुसऱ्या देशाच्या खासदारांपुढे मांडली, म्हणून संसदीय मुत्सद्देगिरीचा आयरिश धडा येथून सुरू होतो, असे म्हणता येईल. पार्नेलच्या पक्षाची मागणी 'होमरूल'ची, म्हणजे स्वराज्याची होती. तोच शब्द घेऊन लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, आणि आयरिश वंशाच्या अॅनी बेझंट यांनी त्याच वर्षी आपली लीग काढली.

१९१९ च्या जानेवारीत डब्लिनमध्ये स्वतंत्र आयरिश संसद, म्हणजे पहिली डॉल भरली, तेव्हा तिने जगातील स्वतंत्र राष्ट्रांना उद्देशून निवेदन काढले. त्याच वर्षी जूनमध्ये डॉलचे अध्यक्ष एमन डी व्हलेरा अमेरिकेत गेले आणि दीड वर्ष फिरत राहिले. त्यांनी कर्जरोखे विकून पन्नास लाखांहून अधिक डॉलर जमवले आणि फेब्रुवारी १९२० मध्ये न्यूयॉर्कला भारताच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देणाऱ्यांच्या सभेत भारत व आयर्लंड या विषयावर भाषण केले. तरीही ज्यासाठी ते मुख्यतः गेले होते, ती आयरिश प्रजासत्ताकाची अमेरिकी मान्यता मिळाली नाही. अमेरिकेतील आयरिश नेत्यांशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले, कारण त्या नेत्यांना आधी अमेरिकेचे राजकारण पाहायचे होते. परदेशस्थ समाज पैसा देतो, सभा भरवतो, पण तो मायदेशाच्या आज्ञेत चालत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान १९७० च्या दशकातले आहे. आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतरही ब्रिटनकडेच राहिलेले उत्तर आयर्लंड हिंसाचाराने होरपळत होते आणि अमेरिकेतील काही आयरिश मंडळींकडून 'नोरेड' या संस्थेमार्फत पैसा गोळा होत होता. कैद्यांच्या कुटुंबांसाठी म्हणून गोळा होणाऱ्या या पैशातून शस्त्रे घेतली जातात, असा आयरिश, ब्रिटिश आणि अमेरिकी सरकारांचा आरोप होता. म्हणजे दुरून केलेले प्रेमच आगीत तेल ओतत होते. याला तोंड देण्यासाठी उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचे नेते जॉन ह्यूम यांनी वेगळी वाट धरली. ते आधी स्टॉरमॉण्टच्या प्रांतिक संसदेचे, नंतर युरोपीय संसदेचे आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. वॉशिंग्टनमधील आयरिश राजनैतिक अधिकाऱ्यांच्या साथीने त्यांनी अमेरिकेतील चार वजनदार आयरिश-अमेरिकी नेत्यांशी वर्षानुवर्षे संवाद ठेवला: सभापती टिप ओनील, सिनेटर एडवर्ड केनेडी, सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर ह्यू केरी.

या चौघांनी १९७७ च्या संत पॅट्रिक दिनी संयुक्त निवेदन काढून हिंसेला खतपाणी घालणारी कोणतीही मदत करू नये, असे अमेरिकी नागरिकांना आवाहन केले. निवेदनाचे महत्त्व ते कोणी काढले यात होते. हीच गोष्ट ब्रिटिश राजदूताने सांगितली असती तर ब्राँक्समधल्या एकाही दारूच्या गुत्त्यात ती कोणी ऐकली नसती. पण आपल्याच मतांवर निवडून गेलेल्या, आपल्याच आडनावाच्या माणसांनी सांगितल्यावर ती टाळणे कठीण झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी, शांततामय तोडगा निघाल्यास उत्तर आयर्लंडमध्ये रोजगारनिर्मितीसाठी अमेरिका हातभार लावू शकेल, असे जाहीर केले. तोपर्यंत हा प्रश्न म्हणजे ब्रिटनची अंतर्गत बाब, अशीच वॉशिंग्टनची भूमिका होती.

१९८१ साली अमेरिकी काँग्रेसमध्ये 'फ्रेंड्स ऑफ आयर्लंड' हा दोन्ही पक्षांच्या सदस्यांचा गट उभा राहिला. १९८३ पासून सभापती ओनील यांनी संत पॅट्रिक दिनाचे भोजन सुरू केले, आणि त्याला राष्ट्राध्यक्ष रेगन येऊ लागले. देशांतर्गत राजकारणात हे दोघे कट्टर विरोधक होते, पण त्या टेबलावर आयर्लंडचा विषय निघाला की दोघांनाही आपापले मूळ आठवे. नोव्हेंबर १९८५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात उत्तर आयर्लंडविषयी करार झाला, त्याला बळ देण्यासाठी १९८६ साली 'इंटरनॅशनल फंड फॉर आयर्लंड' स्थापन झाला आणि अमेरिकी काँग्रेसने त्याला निधी दिला. पुढे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली वाटाघाटी होऊन १० एप्रिल १९९८ रोजी उत्तर आयर्लंडच्या शांततेसाठीचा गुड फ्रायडे करार झाला. या वीस वर्षांच्या वाटचालीत पैसा गोळा करणाऱ्या जाळ्यांचा ओघ बंदुकीकडून कायद्याकडे आणि रोजगाराकडे वळवला गेला. परदेशस्थ समाज आणि संसदीय संबंध यांच्या जोडीचे याहून मोठे यश मला दुसरे दिसत नाही.

संसदीय मुत्सद्देगिरी प्रत्यक्षात चालते कशी? राजदूत आपल्या सरकारच्या वतीने बोलतो आणि त्याला ठरलेल्या भूमिकेच्या बाहेर जाता येत नाही. खासदार मात्र दुसऱ्या देशाच्या खासदाराशी मोकळेपणाने बोलू शकतो, मतदारसंघातली अडचण सांगू शकतो, आणि विरोधी पक्षात असला तरी त्याचे स्थान कायम राहते. सरकारे बदलतात, पण एकमेकांना ओळखणारे सदस्य दोन्हीकडे उरतात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९० साली सुरू झालेला ब्रिटिश-आयरिश आंतरसंसदीय मंच. त्यात ब्रिटिश संसदेचे आणि आयरिश संसदेचे प्रत्येकी पंचवीस सदस्य होते. उत्तर आयर्लंडच्या युनियनवादी, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहू इच्छिणाऱ्या पक्षांनी सुरुवातीला त्यावर बहिष्कार घातला. पुढे स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड, आयल ऑफ मॅन, जर्सी व गर्न्सी यांचे प्रतिनिधी आले आणि २००८ पासून त्याला ब्रिटिश-आयरिश संसदीय सभा असे नाव मिळाले. या सभेला कायदे करण्याचा अधिकार नाही. पण सरकारे एकमेकांशी बोलायला तयार नसताना दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींना एकमेकांची भीती आणि मर्यादा प्रत्यक्ष ऐकता येतात, ही तिची खरी कमाई.

ही गुंतवणूक ब्रेक्झिटच्या वेळी उपयोगी पडली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आयर्लंड बेटावर पुन्हा सीमाचौक्या येतील, अशी धास्ती होती. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी डब्लिनमध्ये डॉलच्या, म्हणजे आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात भाषण करताना स्पष्ट सांगितले की, गुड फ्रायडे कराराला धक्का लागला तर अमेरिका-ब्रिटन व्यापारकराराला कोणतीही संधी नाही. ही धमकी पोकळ नव्हती, कारण व्यापारकरार काँग्रेसच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाहीत आणि त्यावर विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष रिचर्ड नील हे स्वतः 'फ्रेंड्स ऑफ आयर्लंड' गटाचे नेते होते. आयर्लंडने लंडनवर आणू न शकलेला दबाव वॉशिंग्टनच्या एका समितीकक्षातून आला.

मात्र या साधनाच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने जुनी राष्ट्रनिहाय कोटापद्धती मोडली आणि आयरिश तरुणांना कायदेशीर मार्गाने अमेरिकेत जाणे अवघड झाले. विशेष म्हणजे त्या कायद्याचा पुरस्कार एडवर्ड केनेडी यांनीच केला होता, आणि वंशभेद मिटवणारा म्हणून तो न्याय्यही होता. १९८० च्या दशकात हजारो आयरिश तरुण विनापरवाना राहू लागले, तेव्हा काँग्रेस सदस्य ब्रायन डॉनली आणि ब्रूस मॉरिसन यांनी कायद्यात तरतुदी घालून घेतल्या. 'मॉरिसन व्हिसा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत आयरिश लोकांसाठी तीन वर्षांत ४८ हजार व्हिसा राखीव होते. २०१७ साली आयर्लंडने डॉलचे सदस्य जॉन डिझी यांना अमेरिकी काँग्रेसकडे विशेष दूत म्हणून नेमले. ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी राखीव असलेल्या ई-३ व्हिसांपैकी न वापरलेले आयरिश अर्जदारांना मिळावेत, असे विधेयक २०१८ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये सर्वसंमती आवश्यक असताना एका सदस्याचा आक्षेप आला आणि ते अडकले. सणाच्या दिवशी हिरवी टाय घालणाऱ्यांची संख्या कितीही असली, तरी स्थलांतराचा प्रश्न आला की जुने नाते फारसे कामी येत नाही.

आतापर्यंत आयर्लंडने परदेशस्थांकडून काय मिळवले ते पाहिले. त्यांना काय दिले, हा प्रश्न डब्लिनने बराच उशिरा विचारला. राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत देशाबाहेर गेलेल्यांसाठी कायम दिवा तेवत ठेवला, आणि पार्नेलच्या वॉशिंग्टनमधील भाषणाला बरोबर ११५ वर्षे होत असताना, २ फेब्रुवारी १९९५ रोजी, संसदेच्या संयुक्त अधिवेशनात याच विषयावर भाषण केले. १९९८ च्या सार्वमतानंतर राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात परदेशी राहणाऱ्या आयरिश वंशजांशी असलेल्या विशेष आपुलकीचा उल्लेख आला. पण घटनेतल्या वाक्याने लंडनच्या एका खोलीत एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याचे पोट भरत नाही. १९५० च्या दशकात गेलेल्या या माणसांनी ब्रिटनचे रस्ते, बोगदे आणि इमारती बांधल्या. अनेकांना मजुरी रोख मिळाली, विम्याचे हप्ते भरले गेले नाहीत, आणि म्हातारपणी निवृत्तिवेतनाची नोंदच सापडली नाही. त्यांनी तरुणपणी घरी पाठवलेल्या मनीऑर्डरींवर मागे राहिलेली कुटुंबे जगली होती.

२००२ साली सरकारने नेमलेल्या कृतिगटाने या उपेक्षेकडे लक्ष वेधले आणि २००४ पासून परराष्ट्र खात्यात स्वतंत्र विभाग व स्थलांतरित साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातून दरवर्षी एक कोटी युरोंहून अधिक रक्कम परदेशांतील आयरिश कल्याणसंस्थांना जाते: वृद्धांना भेटी देणे, गरम जेवण, घर मिळवून देणे, परदेशी तुरुंगातील कैद्यांना आधार. माझ्या मते आयर्लंडच्या सगळ्या परदेशस्थ धोरणात हीच बाब सर्वांत प्रामाणिक आहे, कारण तिच्यातून परतफेडीची अपेक्षा नाही.

याउलट काही योजना लोकांना रुचल्या नाहीत. २००८ च्या आर्थिक संकटानंतर डब्लिनच्या फार्मली येथे २००९ मध्ये जगभरच्या आयरिश उद्योजकांची परिषद भरली. तिचा उपयोग झाला. पण वंशाचे प्रमाणपत्र पैसे घेऊन देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली आणि फारसे कोणी न घेतल्याने २०१५ मध्ये बंद करावी लागली. २०१३ च्या 'गॅदरिंग' या पर्यटन मोहिमेत गावोगावी कुळांचे मेळावे भरले आणि पाहुणेही आले, मात्र देशाचे सांस्कृतिक दूत राहिलेले अभिनेते गॅब्रिएल बर्न यांनी, हा परदेशस्थांच्या खिशावर डोळा ठेवण्याचा प्रकार आहे, अशी उघड टीका केली होती. ती टीका कडवट असली तरी निराधार नव्हती. २०१४ साली या विषयासाठी स्वतंत्र राज्यमंत्री आले, २०१५ आणि २०२० मध्ये धोरणपत्रे निघाली, आणि त्यांत मागण्यापेक्षा ऐकण्यावर अधिक भर दिसतो.

दरम्यान आयर्लंड स्वतःच येणाऱ्यांचा देश झाला. २०१७ साली पंतप्रधान झालेले लिओ वराडकर हे मूळच्या मालवण तालुक्यातील वराड गावच्या कुटुंबातील डॉक्टर वडिलांचे चिरंजीव. डिसेंबर २०१९ मध्ये ते पंतप्रधान असताना कुटुंबासह वराडला आले होते, आणि त्याच वर्षी आयर्लंडने मुंबईत वाणिज्य दूतावास उघडला.

सर्वांत अवघड प्रश्न मतदानाचा आहे. परदेशात स्थायिक झालेल्या आयरिश नागरिकाला डॉलच्या निवडणुकीत मत देता येत नाही. अठरा महिन्यांत परत येण्याचा इरादा असेल तरच मतदारयादीतले नाव टिकते, आणि मत द्यायला स्वतः यावे लागते. म्हणून मे २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या सार्वमतासाठी आणि मे २०१८ मध्ये गर्भपाताच्या सार्वमतासाठी तरुण मुले-मुली विमानांनी आणि बोटींनी घरी आली, आणि डब्लिनच्या विमानतळावर त्यांच्या स्वागताला माणसे उभी होती. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे शॅनडमध्ये, काही आयरिश विद्यापीठांच्या पदवीधरांना परदेशातून टपालाने मत देता येते. २०१६ साली शिकागोत राहणारे उद्योजक बिली लॉलेस यांना पंतप्रधानांनी शॅनडवर नेमले, तेव्हा परदेशी राहणाऱ्यांचा एक आवाज तेथे पोहोचला, पण तो नेमणुकीने, निवडणुकीने नव्हे.

विरोधकांचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही: जे कर भरत नाहीत आणि ज्यांना निर्णयाचे परिणाम भोगावे लागत नाहीत, त्यांनी सरकार का निवडावे, आणि पासपोर्टधारकांची संख्या पाहता ते मायदेशातल्या मतदारांनाच झाकून टाकणार नाहीत का? म्हणूनच मधला मार्ग म्हणून कार्यकारी अधिकार नसलेल्या राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांना मत द्यावे, अशी सूचना पुढे आली. २०१३ मध्ये घटनाविषयक परिषदेने मोठ्या बहुमताने तिला पाठिंबा दिला, आणि मार्च २०१७ मध्ये पंतप्रधान एन्डा केनी यांनी फिलाडेल्फियात सार्वमताची घोषणा केली. २०१९ मध्ये त्यासाठीचे घटनादुरुस्ती विधेयकही संसदेत मांडले गेले. ते सार्वमत अद्याप झालेले नाही, आणि ते घेण्याचा अधिकार डब्लिनच्या त्याच संसदेकडे आहे, जिचे सदस्य दर मार्चमध्ये परदेशांतील आयरिश मंडळांच्या व्यासपीठावर पाहुणे म्हणून बसतात.